कॅप्टन उतेकरांची शारदा

कॅप्टन उतेकरांना अग्नी देण्याआधी त्यांच्या वाडीतल्या एका निवृत्त हवालदाराने टाचा जुळवून त्यांना सॅल्यूट केला. कॅप्टन सैन्यात कधीच नव्हते हे त्या हवालदाराला पक्कं ठाऊक होतं. घरची माणसं सोडली तर वाडीत ते ठाऊक असलेला तो बहुधा एकटाच. बाकी मंडळी हात जोडून उभी होती, आणि त्यांना त्या सॅल्यूटमध्ये काहीच वावगं वाटलं नाही.

शांताराम उतेकर मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात कॅप्टन होते. म्हणजे जेवणघरात ऑर्डर घेणारे, वेटरांवर नजर ठेवणारे, आणि पुढेपुढे पाहुण्यांना वाइन वाढणारे. पोलादपूरच्या वर, जीपचा रस्ता संपून पायवाट सुरू होते तिथल्या वाडीतून सातवी झालेला मुलगा भांडी घासायला म्हणून गेला आणि चव्वेचाळीस वर्षांनी कॅप्टन होऊन परत आला. आमच्या भागात घरटी एखादा माणूस फौजेत असतो. त्यामुळे कॅप्टन या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला ठाऊक नव्हता. परत आल्याच्या पहिल्याच वर्षी शाळेच्या गुरुजींनी त्यांना झेंडावंदनाला बोलावलं. कॅप्टन म्हणाले, "गुरुजी, मी हॉटेलातला कॅप्टन." गुरुजींना तो विनय वाटला. झेंडा फडकला, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग हवालदार जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, रेजिमेंट कुठली?"

"डायनिंग," कॅप्टन म्हणाले.

हवालदाराने थोडा विचार केला. "म्हणजे आमच्यापेक्षा जास्त माणसं जगवलीत," तो म्हणाला, आणि पुढे कधी त्याने हा विषय काढला नाही.

झेंडावंदनाचं हे मला कॅप्टननीच सांगितलं. मी महाडच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. एका दुपारी हे गृहस्थ आले. पांढरा स्वच्छ शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, नखं कापलेली, पाठ ताठ. त्यांनी शब्दकोश मागितला. मी दिला, तेव्हा तो उघडण्याआधी त्यांनी नाकाशी नेला.

"सर, या पुस्तकाला पाणी लागलंय. खूप वर्षं झाली असतील."

पुरात बुडणाऱ्या महाडच्या वाचनालयात पाणी न लागलेलं पुस्तक शोधावं लागेल, असं मी म्हणालो. ते हसले नाहीत. दुसरा कोश घेतला, हुंगला, म्हणाले, "याला नाही. हा माळ्यावर होता." तो खरंच माळ्यावर होता.

ते सगळ्यांना सर म्हणत. पोलादपूरच्या एसटीतल्या कंडक्टरला, चहावाल्याला, मला. माझ्यापेक्षा वयाने ते बरेच मोठे होते, पण ती सवय सुटायची नाही. कप समोर ठेवताना कान उजव्या हाताला येईल असा ठेवत. चालताना कुणाच्या पुढून जात नसत, वळसा घालून मागून जात.

त्यांना कोशातून वासाचे शब्द हवे होते. हॉटेलात असताना त्यांनी एक लांबट वही ठेवली होती. वाढलेल्या प्रत्येक वाइनचा वास तिच्यात मराठीत टिपलेला. कारण शिकवायला आलेले साहेब इंग्रजीत जी फळं नि फुलं सांगत त्यांतली निम्मी यांनी पाहिलीच नव्हती. ती वही त्यांना नीट करून छापायची होती. "कुणासाठी?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "आपल्याकडची पोरं अजून हॉटेलात जातात, सर. माझ्यासारखी अडायला नकोत."

मग दर गुरुवारी ते येऊ लागले. पहिले दोन महिने आम्ही नुसते शब्द काढले. कुबट, खवट, करपट, ओशट, मातकट, हिवट, आंबूस. एके दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, हे सगळे नावं ठेवायचे शब्द आहेत. चांगल्या वासाला आपल्याकडे काय? खमंग आणि सुगंध. झालं?" मी बराच वेळ कोश चाळला. त्यांचं म्हणणं मला फारसं खोडून काढता आलं नाही.

त्यांच्या वहीत मात्र शब्दांना तोटा नव्हता, कारण त्यांनी वासाला विशेषण दिलंच नव्हतं. सरळ वस्तू लिहिली होती. "तूप कढवल्यावर तळाशी राहते ती बेरी." "ताकावरची निवळ." "कैरीचा देठ, चीक यायच्या आधी." आणि या नोंदींत सर्वांत जास्त वेळा एक नाव येत होतं. शार्डोने नावाची पांढरी द्राक्षं असतात, त्यांची वाइनही त्याच नावाची. शिकवणाऱ्या साहेबांच्या तोंडून ते नाव यांनी जसं ऐकलं तसं लिहिलं: शारदाने. दोन पानांनंतर ते "शारदा" झालं आणि तेच कायम राहिलं. खरा उच्चार त्यांना पुढे चांगला येऊ लागला, पण वहीत बदलला नाही. "सवय झाली," ते म्हणाले. मीही तसाच ठेवला.

या शारदेच्या दोन जाती, असं ते मला शिकवत. एक उन्हातली. ती जाड, गोड, बेरीच्या वासाची, पहिल्या घोटातच सगळं सांगून टाकणारी. दुसरी थंड मुलखातली. ती कळायला त्यांना अकरा वर्षं लागली, आणि कळली ती मुंबईत नाही, तर एका मे महिन्यात सुट्टीवर घरी आल्यावर. महाडच्या बाजारात करवंदं कधीच आली होती, काळी आणि नुसती गोड. त्यांच्या वाडीवर, महाबळेश्वरकडचा वारा येतो तिथं, ती अजून लाल होती. पंधरा दिवसांनी पिकली, तेव्हाही आतून थोडी आंबट राहिली, आणि वास मात्र खालच्या करवंदांच्या दुप्पट. "थंडीतलं फळ घाई करत नाही, सर. पिकतं, पण आंबटपणा सोडत नाही. म्हणून ते जिभेवरून लवकर जात नाही. एवढंच आहे सगळं. त्या साहेबाने चार दिवस फळ्यावर लिहून शिकवलं होतं."

ते पीत नसत. हॉटेलात चव बघून थुंकायची पद्धत असते. "थुंकायला पगार," असं त्यांची बायको म्हणे.

एकदा त्यांच्या हॉटेलात परदेशातल्या एका थंड डोंगरउतारावरची बाई आली होती. तिची वायनरी लहान, पण जाणकार माणसं तिचं नाव आदराने घेत. तिने आपली शार्डोने आणली होती आणि हॉटेलच्या माणसांना ओळीत उभं करून प्रत्येकाला विचारलं, कशाचा वास येतो. एक म्हणाला हिरवं सफरचंद, दुसरा म्हणाला लिंबू. पाठ केलेली उत्तरं. कॅप्टनची पाळी आली, तेव्हा इंग्रजी शब्द तोंडात येईना. ते मराठीत म्हणाले, "धुतलेला पाटा."

मॅनेजरने कपाळाला आठ्या घातल्या. बाईने भाषांतर मागितलं, ते कुणाला जमेना. तेव्हा कॅप्टन तिला म्हणाले, "मॅडम, प्लीज कम." आणि सरळ भटारखान्यात घेऊन गेले. तिथं चटणीसाठी आचाऱ्यांनी हट्टाने ठेवलेला एक पाटा होता. कॅप्टननी तो नळाखाली धुतला, पाणी निथळू दिलं आणि तिला वाकायला सांगितलं. एवढी मोठी बाई मोरीपाशी वाकली. मग परत जेवणघरात आली, आपला ग्लास हुंगला, आणि पुन्हा एकदा मोरीपाशी गेली.

वर्षभराने तिच्याकडून एक बाटली आली. खोक्यावर कॅप्टनचं नाव. हॉटेलने ती तळघरात ठेवली आणि निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या हातात दिली.

ती बाटली त्यांनी वाडीवर कशी सांभाळली हे मी पाहिलं आहे. घरात पाण्याचे माठ ठेवायचा कट्टा होता. त्याच्या मागे ओल्या वाळूत, गोणपाटात गुंडाळून, ती आडवी निजवलेली होती. माठ पाझरत, वाळू गार राही. आडवी अशासाठी की बूच ओलं राहावं. वाळलेल्या बुचातून हवा शिरते आणि मग आतलं सगळं आंबतं. पार्वतीवहिनी रोज विहिरीवरून पाणी आणून माठ भरत, आणि उरलेली कळशी नवऱ्याच्या सांगण्यावरून त्या वाळूवर ओतत. आत काय आहे, ते त्यांनी विचारलं नव्हतं. "हाटेलातलं कायतरी," एवढंच त्या मला म्हणाल्या होत्या.

कधी उघडणार, असं मी विचारलं की कॅप्टन म्हणत, "वही पुरी झाली की. शेवटची नोंद तिची."

करोनाच्या दुसऱ्या वर्षी ते आजारी पडले. त्यातून उठले, पण नाक गेलं. ते त्यांना कळलं एसटीत. पोलादपूरहून येताना सगळ्या गाडीने नाकाला पदर नि रुमाल लावलेले, आणि हे खिडकीशी शांत बसलेले. बाजूची म्हातारी म्हणाली, "बाबा, तुला नाय येत व्हय रे वास?" त्यांनी खाली पाहिलं. त्यांचे पाय सुकटीच्या, म्हणजे सुक्या मासळीच्या, टोपलीवर होते.

त्या गुरुवारी ते वाचनालयात आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि कोश नाकाशी न नेता उघडला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कुणाचं महिन्याने येतं, कुणाचं वर्षाने. कॅप्टननी लवंगा, लिंबाची साल, रॉकेल, जे कुणी सांगेल ते रोज हुंगलं. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. वही एका पानापाशी थांबली होती. बाटली वाळूत होती, आणि ती काही कायम थांबणार नव्हती. थंड मुलखातली शारदा बरीच वर्षं टिकते, पण तिचीही वर्षं भरत आली आहेत, असं ते मला सांगत. आधी नाक परत येतं की आधी ती जाते, हे त्यांना कळत नव्हतं. त्या दिवसांत ते घड्याळाकडे फार पाहायचे.

मी तोवर वहीचा पुष्कळ भाग टाईप करून घेतला होता. तिसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर तो त्यांना दाखवायला वाडीवर गेलो. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती. कॅप्टन म्हणाले, "सर, वाचून दाखवा. चष्मा आत आहे." मी ओटीवर बसून वाचू लागलो. वहिनी चुलीपाशी चहा ठेवत होत्या, दार उघडं होतं.

"शारदा आज थंड होती," मी वाचलं. "आधी काही बोलली नाही. हातात धरून जरा ऊब दिली, मग उघडली. अंगाला कैरीच्या देठाचा वास. गोड बोलत नाही, पण गेल्यावर आठवण राहते."

आत भांडं वाजायचं थांबलं. मी पुढचं पान घेतलं.

"शारदेच्या बाबतीत घाई करू नये."

वहिनी दारात आल्या. हातात चहाची गाळणी तशीच. नवऱ्याकडे न बघता मला म्हणाल्या, "भाऊजी, ती हाय का अजून?"

"कोण?"

"ती शारदा. मुंबईला."

कॅप्टननी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं. मला कळलं, आणि कागद कुठे ठेवावेत ते सुचेना.

वहिनींनी सांगितलं ते अगदी सावकाश, भाताचा हिशेब सांगावा तसं. एकोणीस-वीस वर्षांपूर्वी कॅप्टन गणपतीला आले होते. बॅगेतून कपडे धुवायला काढताना वही खाली पडली. वहिनींना अक्षरओळख नाही. थोरली जाऊ चौथी शिकलेली होती. तिने वही उघडली, दोन ओळी वाचल्या, आणि मिटून ठेवली. "म्हनली, पारू, कायबाय लिवलंय, नको ऐकू. मी म्हटलं वाच. मंग तिनं वाचलं."

"आणि तू विचारलं नाहीस?" कॅप्टन म्हणाले.

"काय विचारायचं? गणपतीला येत होतात, शिमग्याला येत होतात. पोरींची लग्नं केलीत. म्हटलं असंल तिकडं कोन. बाई चांगली वाटली. गोड बोलत नाय म्हनून लिवलं होतं."

"वीस वर्षं, गो?"

"मंग काय, गावात दवंडी पिटू?"

कॅप्टन हसतील, असं मला वाटलं. ते उठले, आत गेले. माठ सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा शर्टाच्या बाहीला वाळू होती आणि हातात ती बाटली. तीन वर्षं ते नाकासाठी थांबले होते. बाटली त्यांनी वहिनींपुढे ठेवली.

"ही शारदा."

वहिनींनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. द्राक्षाचं नाव, मी म्हणालो, कॅप्टनना तेव्हा नीट लिहिता येत नव्हतं.

"हिच्यावर मी रोज पानी घालत होते?"

"रोज."

त्या पायरीवर बसल्या आणि तोंडाला पदर लावला. हसत होत्या की काय, ते मला कळलं नाही.

मग कॅप्टननी जे केलं ते मी विसरणार नाही. घरात उभ्या दांड्याचा ग्लास नव्हता. चहाचा काचेचा ग्लास त्यांनी वाफेवर धरला, धुवट पंच्याने पुसला, उजेडात फिरवून पाहिला. खिशातल्या ओपनरने बूच काढलं, अगदी आवाज न करता. बूच सवयीने नाकाशी नेलं, आणि तसंच खाली ठेवलं. पंचा डाव्या हातावर घेतला, वहिनींच्या उजव्या बाजूला उभे राहिले, किंचित वाकून दोन बोटं वाइन ओतली. रंग ताज्या पेंढ्यापेक्षा गडद, तुपासारखा.

"बाईसाहेब," ते म्हणाले.

"अवं, खाली बसा. भाऊजी काय म्हनतील. आनि मी नाय पिनार."

"पिऊ नको. वास घे. आणि काय येतो तो मला सांग."

वहिनींनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला. "दारूचा."

"तो जाऊ दे. त्याच्या मागचा बघ."

पुन्हा नेला. या वेळी डोळे मिटले. अंगणात कोंबड्या पेंढा उकरत होत्या. कॅप्टन तसेच वाकून उभे, पंचा हातावर.

"पोळं," वहिनी म्हणाल्या.

"मधाचं?"

"मध नाय. मध पिळून घेतल्यावर मेन राहतं ना, ते. आनि..." त्या थांबल्या. "पेंढा. पन पाऊस लागलेला नाय. उडवीच्या आतला." मग म्हणाल्या, "कुजका नाय हो कुठं. चांगला हाय."

कॅप्टन खाली बसले. पायरीवरच, वहिनींच्या शेजारी. "वय झालंय तिचं," ते मला म्हणाले, "पण गेली नाही. सर, मेण म्हणजे नीट म्हातारी झाली." मग त्यांनी ग्लास घेतला आणि एक घोट तोंडात फिरवला. नाक नसलं तरी जिभेला जेवढं कळतं तेवढं. थुंकले नाहीत. "आंबट आहे," ते म्हणाले, "अजून आंबट आहे."

"म्हातारी झाली हो तुमची शारदा," वहिनी म्हणाल्या. "उगा इतकी वर्षं तिच्यावर जळले."

त्या दिवशी परतताना मला जीपपर्यंत सोडायला कॅप्टन आले. वाटेत एकदाच बोलले. "चव्वेचाळीस वर्षं हॉटेलने चुकीचं माणूस ठेवलं होतं."

त्यानंतर गुरुवारी ते एकटे आले नाहीत. वहिनी बरोबर असत. वाचनालयाच्या पायरीवर चपला काढून आत येत आणि टेबलाशी बसत. वही आता वाइनपुरती राहिली नव्हती. कॅप्टन जी वस्तू पुढे धरतील तिचा वास त्या सांगत, ते लिहीत. त्यांच्यात वादही होत.

"लोकरीचा लिहू?"

"लोकर कुनी बघितलीय? घोंगडीचा लिवा. पानी लागलेल्या."

"नव्या की जुन्या?"

"नवी घोंगडी कंदी घेतलीत तुमी?"

जुन्या, असं कॅप्टन लिहीत. शारदेची नोंद त्यांनी वहिनींच्याच शब्दांत ठेवली, खाली स्वतःची एक ओळ: "जिभेला आंबट, खात्री केली." माझ्या मते वहीतलं ते सगळ्यात चांगलं पान आहे. वही छापून व्हायच्या आधी ते गेले. झोपेतच. कागद माझ्याकडे आहेत. मी ते हळूहळू पुरे करतो आहे.

शेवटचं पाहिलं ते महाडच्या एसटी स्टँडवर. मी त्यांना सोडायला गेलो होतो. स्टँडच्या दाराशी पेरूवाला होता. वहिनींनी त्याच्या गाडीवरचा एक पेरू उचलला, हुंगला, ठेवला, दुसरा उचलला.

"मावशी, घेनार की नुसतं हुंगनार?"

"हुंगायचंच काम लागलंय आमाला," वहिनी म्हणाल्या, आणि दोन घेतले.

पोलादपूरची गाडी लागली. माणसं चढली. कॅप्टनचा एक पाय पायरीवर होता, वही गुडघ्यावर, पेन हातात. वहिनी खाली उभ्या.

"देठाकडं कच्चा, खाली पिकलेला," त्या म्हणाल्या.

"देठाकडे कच्चा म्हणजे कसा? कैरीसारखा?"

"नाय. थांबा."

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. "आजोबा, चला आता." कॅप्टननी त्याच्याकडे वळून न पाहता तळहात किंचित वर केला, पाहुण्याचं अजून ठरत असताना वेटरला थोपवावं तसा. "एक मिनिट, सर," ते म्हणाले. ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती, खिडक्या थरथरत होत्या. वहिनींनी पेरू फिरवला आणि पुन्हा नाकाशी नेला.